वेषांतराचा खेळ



पत्रिकेत माझ्या नावासमोर हा विषय छापलेला पाहून दोघातिघांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "अण्णा, ही छापखान्याची चूक तर नव्हे?" त्यांचे नवल बरोबर आहे. शिलाई कामगारांत आणि यंत्रमागावरच्या माणसांत ज्याची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्याने किमान वेतनावर बोलावे, भविष्य निर्वाह निधीवर बोलावे, फार तर १९३० च्या मार्शल लॉवर बोलावे. मी मात्र आज एका व्हिडिओ गेमवर बोलणार आहे, आणि तोही भाडोत्री मारेकऱ्याच्या गेमवर. पुढच्या रांगांतील वडीलधाऱ्यांनी उठून जाण्याची घाई करू नये. हा विषय मुळात कपड्यांचा आहे, आणि कपड्यांविषयी ऐकायला सोलापूरकर कधी कंटाळत नाही.

दोन वर्षांपूर्वी पाय मोडून मी सहा आठवडे घरी पडून होतो. माझा भाचा संध्याकाळी येऊन समोर बसे आणि संगणकावर खेळे. मला वाचायला काही उरले नव्हते, म्हणून पाहू लागलो. पहिल्या दिवशी मला एवढेच दिसले की, एक टकला, उंच, गोरा माणूस, मानेच्या मागे दुकानातल्या मालावर असतात तसे काळे पट्टे छापलेला, एका मोठ्या मेजवानीच्या वाड्यात हिंडतो आहे. अंगात सूट असताना त्याला दारोदार अडवले जात होते. मग त्याने एका वाढप्याला मागच्या खोलीत गाठून बेशुद्ध केले, त्याचे कपडे घातले, हातात तबक घेतले, आणि ज्या दारातून त्याला घालवून दिले होते त्याच दारातून तो सरळ आत गेला. पहारेकऱ्यांनी मान वर करूनही पाहिले नाही. मी भाच्याला म्हणालो, "हा खेळ करणाऱ्याने कधीतरी कुठेतरी हमाली केलेली असली पाहिजे."

या खेळाचे नाव 'हिटमॅन'. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९९८ साली स्थापन झालेली आयओ इंटरॅक्टिव्ह नावाची कंपनी तो काढते. पहिला भाग २००० साली आला. चोरपावली खेळण्याचे खेळ त्याआधीही होते. १९८७ साली जपानात 'मेटल गिअर' निघाला, त्यात शत्रूच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहायचे असे. १९९८ सालच्या 'थीफ'मध्ये अंधारात उभे राहायचे आणि पावलाचा आवाज होऊ द्यायचा नाही. म्हणजे लपणे म्हणजे काळोख, भिंतीचा आडोसा आणि श्वास रोखणे. 'हिटमॅन'वाल्यांनी एक निराळीच गोष्ट ओळखली. ती अशी की, माणूस भर उजेडात, शंभर माणसांच्या मध्ये उभा राहूनही अदृश्य होऊ शकतो. त्याच्या अंगावर योग्य तो गणवेश मात्र पाहिजे.

आपल्याला ही युक्ती काही नवी नाही. आपल्याकडे बहुरूपी दारात फौजदार होऊन येत, घरधनी घटकाभर घाबरे, आणि मग हसून पैसे देई. लाल महालावरचा १६६३ सालचा छापा सांगताना वऱ्हाडाच्या मिषाने पुण्यात शिरल्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. फरक एवढाच की, बहुरूपी मोठ्याचे सोंग घेतो. आपल्या लोककथांतला वेषांतर केलेला राजा गरिबाचे सोंग घेतो, पण शेवटी शेला बाजूला सारून आपण राजा असल्याचे सांगतो. या खेळातला नायक सांगायला थांबतच नाही. त्याला नावही नाही, फक्त आकडा आहे, सत्तेचाळीस. प्रयोगशाळेत घडवलेला, हुकूम पाळण्यासाठीच वाढवलेला तो माणूस आहे.

सोलापुरात गणवेश शिवले जातात हे मी तुम्हांला सांगायला नको. शाळकरी मुलाची खाकी चड्डी, इस्पितळातल्या परिचारिकेचा झगा, हॉटेलच्या वाढप्याचा कोट, रखवालदाराचा सदरा, यांतले पुष्कळसे आपल्या बायकांच्या हातून काजबटण होऊन जातात. २०१७ साली इथे गणवेश उत्पादकांचे मोठे प्रदर्शनही भरले होते. मी स्वतः त्या कापडात इतकी वर्षे वावरलो, परंतु गणवेश कशासाठी असतो याचा विचार मी या खेळापाशी बसेपर्यंत नीट केला नव्हता. मला वाटे, गणवेश घालणारा ओळखू यावा म्हणून असतो. खेळ म्हणतो, तो ओळखू येऊ नये म्हणून असतो. झगा दिसतो, आतली बाई दिसत नाही.

आता खेळाने आपले नियम कसे बदलले ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिल्या दोन भागांत वेषांतर भाबडे होते. कपडे चढवले की काम झाले, किंवा कुठे काही कारण नसताना पहारेकरी संशयाने अंगावर येई. २००६ च्या 'ब्लड मनी' या चौथ्या भागात खुनाला अपघाताचे रूप देण्याची सोय आली आणि बदनामीचा हिशेब आला. प्रत्येक कामगिरीनंतर एक वर्तमानपत्र समोर येई. साक्षीदार ठेवून आलात तर त्यातले चित्र तुमच्या चेहऱ्याच्या जवळ जाई. मग सहा वर्षे गेली, आणि २०१२ साली 'अॅब्सोल्यूशन' आला. त्यात त्यांनी नियम असा केला की, तुम्ही पोलिसाचा वेष घेतला तर सगळेच पोलीस तुम्हांला ओळखणार, स्वयंपाक्याचा घेतला तर सगळेच स्वयंपाकी. कागदावर हे तर्कशुद्ध वाटते. पण खेळणारे वैतागले, कारण वेषांतराला अर्थच उरला नाही. जिथे पोलीस आहेत तिथेच पोलिसाचा वेष हवा असतो आणि तिथेच तो फसतो.

२०१६ साली त्यांनी यावर जो तोडगा काढला तो ऐकून मी अंथरुणावर उठून बसलो. आता सगळे स्वयंपाकी तुम्हांला ओळखत नाहीत. फक्त मुख्य स्वयंपाकी ओळखतो. सगळे धोबी ओळखत नाहीत; फक्त त्यांच्यावरचा ओळखतो. अशा माणसाच्या डोक्यावर खेळात एक पांढरा ठिपका दिसतो. मालकाला तुमचा चेहरा ठाऊक नसतो, शेजारच्या खात्यातल्याला नसतो, पण ज्याच्या हाताखाली तुम्ही राबता असे तुम्ही भासवता, त्याला आपली माणसे पाठ असतात.

श्रोतेहो, हा आपला जॉबर आहे. हा आपला मुकादम आहे. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या, आणि त्या साऱ्या काळात कामावर घेणारा, काढणारा, दस्तुरी खाणारा आणि प्रत्येक कामगाराचे गाव, जात आणि कर्ज जाणणारा माणूस जॉबरच होता. व्हिटले आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालात या जॉबरच्या सत्तेची चर्चा आहे आणि भरतीचे काम त्याच्या हातून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे असे सुचवलेले आहे. कोपनहेगनच्या मुलांनी तो अहवाल वाचला असेल असे मी म्हणत नाही. पण खेळ खरा वाटावा म्हणून झगडता झगडता ते बरोबर त्याच माणसापाशी येऊन पोचले.

माझा स्वतःचा एक अनुभव इथे सांगावा लागतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका शिलाई कारखान्यात आम्हांला कुणी आत येऊ देत नव्हते. बायका नगावर काम करीत आणि त्यांची नावे हजेरीपुस्तकात नव्हती. बाहेर रस्त्यावर त्या बोलायला भीत. तेव्हा एका ओळखीच्या हमालाचा सदरा आणि पटका मागून घेतला, खांद्यावर कापडाचे तागे घेतले आणि दिवसाढवळ्या आत गेलो. मालक माझ्यापासून हातभर अंतरावरून दोनदा गेला. त्याच मालकाशी मी महिन्यापूर्वी कामगार कार्यालयात समोरासमोर बसून भांडलो होतो! त्याने मला "बाजूला हो" म्हटले आणि पुढे गेला. काजबटणाच्या खोलीत मी दोघीजणींशी दहा मिनिटे बोललो, त्यांची नावे व कामाचे दिवस लिहून घेतले. निघताना दारात मुकादम उभा होता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, पायांकडे पाहिले. तागा उचललेल्या हमालाची चाल त्याला माहीत होती, आणि माझी ती नव्हती. तो एक शब्द बोलला नाही. मी त्याला सज्जन समजलो आणि सायकलवर टांग मारून आनंदात घरी आलो. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आता गोष्ट सांगण्याच्या रीतीविषयी. खेळात गोष्ट सांगणे मोठे अवघड, कारण नाटकात नायक लेखकाचे ऐकतो, इथे नायक खेळणाऱ्याच्या हातात असतो. 'ब्लड मनी'त एक म्हातारा अधिकारी एका पत्रकाराला सत्तेचाळीसची हकिगत सांगतो आणि आपण ती मागे वळून खेळतो. शेवटी नायक मेलेला दिसतो, प्रेत ठेवलेले असते, श्रेयनामावली सरकू लागते. पुष्कळांनी यंत्र बंद केले असेल. पण ज्याने त्या वेळी हातातल्या कळा हलवत ठेवल्या, त्याचा नायक श्वास घेऊ लागे आणि उठे. खेळाच्या बाहेर कुठल्याच कलेला हे करता येणार नाही. नंतरच्या 'अॅब्सोल्यूशन'ने मात्र चित्रपटाची वाट धरली. गोष्ट पुष्कळ, हालचालीला जागा थोडी. एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. छापील संहितेचे नाटक म्हणा ना.

२०१६ साली त्यांनी जे केले त्याला माझ्याजवळ एकच नाव आहे, ते म्हणजे तमाशातला वग. वगात कथेचा सांगाडा ठरलेला असतो. राजा कोण, प्रधान कोण, फितुरी कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक. पण संवाद जागच्या जागी व्हायचे. सोंगाड्या आज काय बोलेल ते राजालाही माहीत नसे, आणि म्हणूनच तोच वग दहा गावांत दहा तऱ्हांनी रंगे. नव्या 'हिटमॅन'मध्ये एक अख्खे ठिकाण उभे केलेले असते, पॅरिसचा वाडा, इटलीचे गाव, जपानचे इस्पितळ. त्यात शेकडो माणसे आपापल्या घड्याळाने चालत असतात. एक नोकर दुसऱ्याला सांगतो की साहेबांचा डॉक्टर आज नवीन येणार आहे. हे तुमच्या कानावर पडले तर पडले. त्या धाग्याने गेलात तर एक गोष्ट, नाही गेलात तर दुसरी. पुन्हा खेळाल तेव्हा तिसरी. गोष्ट लेखकाने सांगितलेली नाही, नोकरचाकरांच्या कुजबुजीतून तुम्ही वेचलेली आहे. मोठ्या घरांची खरी बातमी नेहमी तिथूनच मिळत आली आहे. संप मोडणार की टिकणार हे मला मालकाच्या दिवाणखान्यातून कधी कळले नाही. चहावाल्या पोऱ्याकडून मात्र कळत आले.

तो भाग त्यांनी हप्त्याहप्त्याने विकला. मार्चमध्ये पॅरिस, मग एकेक शहर, ऑक्टोबरपर्यंत. पुष्कळांनी नाके मुरडली. पण त्यामुळे लोकांनी एकेक ठिकाण दहा दहा वेळा खेळून त्याचे कोपरे पाठ केले, आणि खेळाचा खरा स्वभाव तेव्हाच कळला. धंद्याच्या बाजूने मात्र वेळ वाईट आली. मे २०१७ मध्ये स्क्वेअर एनिक्स या जपानी मालक कंपनीने अंग काढून घेतल्याचे जाहीर केले. काहींच्या नोकऱ्या गेल्या. महिन्याभरात चालकांनी कंपनी स्वतःकडे घेतली आणि 'हिटमॅन'चे हक्क राखले. पुढचा भाग त्यांनी २०१८ साली काढला, तिसरा २०२१ साली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिन्ही एकत्र बांधून त्यात एक नवी खेळण्याची तऱ्हा घातली. एक तक्रार मात्र मी ग्राहक म्हणूनही नोंदवून ठेवतो. हा खेळ विकत घेतला तरी इंटरनेट नसेल तर त्यातले पुष्कळसे मिळत नाही. २०२१ साली गॉग नावाच्या विक्रेत्याला ग्राहकांच्या ओरड्यामुळे तो दुकानातून मागे घ्यावा लागला. पैसे आपले आणि किल्ली दुसऱ्याची, हे यंत्रमागावर खाडी करणाऱ्याला नव्याने समजावून सांगायला नको.

आता मुंबईकडे येऊ. परंतु त्याआधी हे सांगितले पाहिजे की, या मालिकेने हिंदुस्थान पहिल्यांदा दाखवला तो २००२ साली, आणि वाईट दाखवला. पंजाबातला प्रसंग होता, अमृतसरच्या हरमंदिर साहिबची आठवण व्हावी अशी वास्तू होती, आणि शीख माणसे मारण्यासाठी उभी केली होती. शीख समाजाने जोरदार निषेध केला आणि प्रकाशकांना तो मजकूर बदलून खेळ पुन्हा काढावा लागला. सोळा वर्षांनी त्यांनी मुंबई दाखवली. त्यात तीन सावजे आहेत. एक दाऊद रंगन, सिनेमाचा निर्माता, आपल्याच नावाचा अर्धवट मनोरा बांधणारा. दुसरी वान्या शाह, जी झोपडपट्टीत राणीसारखी राहते. तिसरा वझीर काळे, ज्याला 'मेलस्ट्रॉम' म्हणतात आणि ज्याचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही. छायाचित्र नाही, पत्ता नाही, तो या गर्दीतच कुठेतरी हिंडतो आहे. म्हणजे वेषांतर करणारा आता दुसऱ्या वेषांतर केलेल्याला शोधतो. मला हा या मालिकेतला सर्वांत सुंदर डाव वाटला.

आणि आत जायच्या वाटा कोणत्या? वान्या शाह शिंप्याची वाट पाहत असते. अंगाचे माप द्यायचे असते. टेप गळ्यात टाकून तिच्या खोलीत सरळ जाता येते. काळेला दाढी करायची असते, तेव्हा न्हावी व्हायचे. राणीचा गळा शिंप्याच्या हातात आणि गुंडाचा न्हाव्याच्या. बलुतेदारांवर असा निबंध मी कुठे वाचला नव्हता. दोष पुष्कळ आहेत, ते झाकत नाही. या मुंबईतली माणसे इंग्रजीतच बोलतात. सहा फुटी गोरा टकला इसम धोब्याचा सदरा घालतो आणि वस्तीत एकालाही नवल वाटत नाही. आमच्या साखर पेठेत असा माणूस आला तर बोळाच्या तोंडाशीच पाच बायका तेलुगूत विचारतील की तू कुणाच्या घरचा. सोलापुरात वेष घेणाऱ्याला चार भाषा याव्या लागतात. शिवाय झोपडपट्टी, सिनेमा आणि टोळी एवढ्यात मुंबई संपत नाही. त्या नकाशावर गिरणी नाही, आणि युनियनची पाटी मला शोधूनही दिसली नाही. पण कामकरी माणूस हा किल्लीसारखा आहे, त्याच्या कपड्यावाचून मोठ्यांचे एकही दार उघडत नाही, हे त्या कारागिरांनी अचूक टिपले आहे.

तिसऱ्या भागात त्यांनी आपल्याच रीती मोडल्या. एका ठिकाणी इंग्लंडमधला जुना वाडा आहे, तिथे खून आधीच झालेला असतो आणि तुम्ही गुप्तहेराचे कपडे घालून त्याचा तपास करू शकता. मारेकरी तपास करतो! बर्लिनच्या प्रसंगात तर सावज कोण हे सांगणारा नेहमीचा आवाजच नाही. शिकारी तुमच्या मागावर आहेत, ते कोण हे तुम्ही पाहून ओळखायचे. आणि तिन्ही भागांतून एक मोठी कथा चालते. हुकूम पाळायलाच जन्माला घातलेला हा माणूस, त्याला लहानपणचा सोबती भेटतो, आणि दोघे मिळून हुकूम देणाऱ्या श्रीमंत मंडळाच्या मागे लागतात. मी हे पाहताना भाच्याला म्हणालो, "याला तीन भाग लागले. आमच्याकडे लोक पहिल्या हजेरीला शिकतात." तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडेही सगळे शिकत नाहीत." ते खरे आहे.

खून हा करमणुकीचा विषय असावा काय, असा प्रश्न कुणीतरी नंतर विचारणारच, म्हणून आत्ताच बोलतो. मला तो प्रश्न तितका टोचला नाही; खेळ स्वतःच सावजाखेरीज इतरांना मारल्याबद्दल गुण कापतो. मला टोचले ते निराळे. ज्या वाढप्याचे, ज्या धोब्याचे कपडे काढून घेतले, त्याचे काय होते? त्याला बेशुद्ध करून कपड्यांच्या मोठ्या पेटीत टाकतात आणि झाकण लावतात. कुणाला तो सापडला नाही तर तुमचे गुण पूर्ण. सर्वोत्तम खेळाडूची पदवी मिळते. पेटीतला माणूस शुद्धीवर येऊन घरी गेला का, दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले का, हे खेळात कधीच येत नाही. मी भाच्याला दर वेळी विचारी, "पेटीतला कोण होता?" त्याला आधी हसू येई, मग राग येऊ लागला.

माझ्या त्या कारखान्यातल्या गोष्टीचा शेवट असा आहे. मुकादम सज्जन नव्हता. त्याने पाय पाहिले होते, आणि मी कोणत्या दोघींजवळ थांबलो तेही पाहिले होते. सोमवारी त्या दोघी गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले, माल नाही. मंगळवारीही माल नाही. ज्याने मला सदरा दिला त्या हमालाचीही त्या दारातली हमाली बंद झाली. आम्ही अर्ज केले, तारखा पडल्या, पण हजेरीपुस्तकात नावच नाही तिथे कामावरून काढले हे तरी कसे शाबीत करावे? एक जण दुसरीकडे शिलाईला लागली. दुसरी विड्या वळायला परत गेली. मी तिच्या घरी गेलो. ती सुपात पाने कापत होती. मी पुष्कळ बोललो, माफी मागितली. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही सदरा घालून आलात तसा काढून गेलात. आमच्या अंगावरचा कुठे निघतो?" आणि मला चहा दिला. त्यानंतर मी पुन्हा कधी कुणाचा सदरा मागितला नाही. आत जायचे तर युनियनचे नाव सांगून, दारात उभे राहून. त्यात दिवस फार जातात. एका दारात मला चौदा महिने लागले.

खेळणाऱ्यांत एक जुनी पैज आहे. कुणाचेही कपडे घ्यायचे नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याच सुटात राहायचे, आणि कुणाच्या नजरेलाही यायचे नाही. माझ्या पायाचे प्लास्टर निघण्याच्या आठवड्यात भाचा मुंबईचा प्रसंग तसा खेळू लागला. मी त्याला सांगितले नव्हते. शिंप्याचे दार बंद, न्हाव्याचे दार बंद, सगळ्या सोप्या वाटा गेल्या. छपरावरून, नळावरून, रुळांच्या कडेने जावे लागे, आणि दर दहा मिनिटांनी पकडला जाई. अकरा संध्याकाळी त्याला लागल्या. अकराव्या दिवशी रात्री साडेबाराला त्याने मला हलवून उठवले आणि म्हणाला, "मामा, पेटी रिकामी आहे. बघा उघडून."